राखेच्या बुधवारची दाण्याची आमटी

सासूबाईंच्या चष्म्याची काडी गेल्या सोमवारी मोडली आणि दुकानदाराने दुरुस्तीला आठ दिवस लागतील असं सांगितलं. तेवढ्या आठ दिवसांत मी हे वसईचं प्रवासवर्णन लिहून काढते आहे. वसईहून परतल्यावर त्यांचा पहिला प्रश्न होता, "शिवरात्रीला काय खाल्लंस?" मी म्हणाले, "दाण्याची आमटी." त्यांचं समाधान झालं. उत्तर खरंच होतं, फक्त अर्धं होतं. उरलेलं अर्धं इथे आहे. हे छापून येईपर्यंत चष्माही दुरुस्त होऊन येईल, पण तेव्हाचं तेव्हा बघू.

आम्ही कऱ्हाडची माणसं. आमच्याकडे भाजीत दाण्याचं कूट, कोशिंबिरीत कूट, आमटीत कूट. पाहुण्याला नुसता चहा दिला तरी आमचा हात कुटाच्या डब्याकडे जातो. त्यामुळे डी.एड.ला माझ्या खोलीत राहिलेली मैत्रीण फिलोमिना अकरा वर्षं पत्रातून "ये गं एकदा वसईला" म्हणत होती, आणि शेवटी एक्क्याऐंशीच्या मार्चच्या तोंडावर मी निघाले, तेव्हा पिशवीत दोन साड्या आणि तीन किलो शेंगदाणे होते. दुसऱ्या जिल्ह्यातल्या दाण्यांवर माझा विश्वास नाही. नवऱ्याला कुकरच्या शिट्ट्या मोजायला शिकवलं, मुख्याध्यापकांपुढे चेहरा पाडून शिल्लक रजा काढली आणि निघाले.

रविवार, पापडी

गाडीचा प्रवास सांगत नाही; गाडी गाडीसारखीच होती. स्टेशनवरून पापडी गावापर्यंत टांगा केला. टांगेवाल्याला पत्ता कळला नाही, पण फिलोच्या वडिलांचं नाव सांगताच तो म्हणाला, "पास्कूकाकाची वाडी ना? मग असं बोला की," आणि घोडा आपणहून वळला.

वाडी म्हणजे आपल्याकडची चार घरांची वस्ती नव्हे. इथे बागेला वाडी म्हणतात. पुढे कौलारू घर, मागे विहीर, आणि विहिरीच्या भोवती केळी, नारळ, पानवेली. रस्त्याच्या अंगाला पास्कूकाकांची केळी पिकवायची खोली. मी पिशवीतून दाणे काढून फिलोच्या आईच्या हातात दिले. मी त्यांना मावशी म्हणू लागले ते तेव्हापासून. काकांनी एक दाणा उचलला, चावला आणि म्हणाले, "हे तर आमी जत्रंत खातो, चालता चालता."

"आमच्याकडे यावर घर चालतं," मी म्हणाले.

"आमचं नारळावर चालतं," काका म्हणाले, आणि आमची चकमक तिथेच सुरू झाली. काका बासष्ट वर्षांचे, काटक, आणि बोलणं असं की प्रत्येक शब्द विहिरीतून ओढून काढल्यासारखा मोजका.

बुधवारपासून त्यांचा चाळीस दिवसांचा उपासकाळ सुरू होणार होता. त्या दिवशी देवळात (इथे चर्चलाही देऊळच म्हणतात) कपाळाला राख लावतात, म्हणून तो राखेचा बुधवार. त्याआधीचा हा शेवटचा रविवार, म्हणून घरात डुकराचं मटण, बदक आणि तांदळाच्या भाकऱ्या. मी शाकाहारी. मावशींनी माझ्यासाठी वेगळं वालाचं बिरडं केलं होतं आणि ते नारळाच्या दुधात असं काही झालं होतं की मी कुटाची आठवणही काढली नाही. हे काकांना मात्र कळू दिलं नाही.

जेवताना घरातली खरी गोष्ट बाहेर आली. फिलोचा भाऊ आंतोन सात वर्षं मालवाहू बोटीवर खानसामा होता. एकोणतीस वर्षांचा, दोन्ही हातांवर कढईचे चटके, आणि हसला की सगळं घर हसायचं. तो रजेवर आला होता आणि कंपनीचं पत्र आलं होतं, की परत रुजू होणार की नाही ते गुरुवारपर्यंत तारेने कळवा. आंतोनला जायचं नव्हतं. त्याला रस्त्याकडेच्या केळीच्या खोलीत खानावळ काढायची होती. मावशींना तर तो हवाच होता. बोट सुटली की त्या माळ जपायला बसायच्या आणि पुढचं पत्र येईपर्यंत त्यांना धड झोप नसायची. हे फिलोने मला स्वयंपाकघरात सांगितलं. खोली काकांची होती, आणि काका ऐकत नव्हते.

"मासे तुझी आई करते," काका भाकरी मोडत म्हणाले. "मटण माझी बहीण करते. तुझ्या खानावळीत येणार कोण?"

"ज्यांना बायको नाही ते," आंतोन म्हणाला.

"त्यांना आया हायत."

मावशींनी ताटात बघत डोळे पुसले. काकांनी ते पाहिलं. हातातली भाकरी त्यांनी ताटाच्या कडेला ठेवली. मग म्हणाले, "बरं, ऐक. राखेच्या बुधवारी आपल्यात एकच जेवण. मटण नाय, आपल्या घरात तर मासळीपण नाय. त्या जेवणात असं काय तरी कर की मी दुसऱ्यांदा मागेन. मागितलं तर खोली तुझी. नाय मागितलं तर गुरुवारी तार कर, येतो म्हणून."

आंतोनचा चेहरा उतरला. फिलो माझ्या कानाशी लागली, "शालू, बाबांनी त्या दिवशी आजवर कधी दुसऱ्यांदा मागितलेलं नाही. त्यांना ते पापच वाटतं. मुद्दाम तोच दिवस धरलाय."

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण मला लहानपणापासून ती सवय नाही. "काका," मी म्हणाले, "आमच्याकडे उपासाला माणूस तिसऱ्यांदासुद्धा मागतो."

"असं? तुमचा कधी उपास?"

मी बोटांवर हिशेब केला आणि जीभ चावली. महाशिवरात्र त्याच बुधवारी होती.

"मग तूपण लाग कामाला, मास्तरीणबाय," काका म्हणाले. त्या दिवशी ते पहिल्यांदा हसले.

सोमवार, पाटा-वरवंटा

आंतोनच्या पेटीत एक कापडी पिशवी होती. त्यात पिवळट गोल दाणे. सोयाबीन. त्याचं नाव मी रेडिओवरच्या शेतीच्या कार्यक्रमात ऐकलं होतं, तोंड पहिल्यांदाच पाहिलं. आंतोन सांगू लागला, की जावा बेटावर सुराबाया बंदरात एक म्हातारी हातगाडीवर जेवण विकते. उकडलेल्या भाज्या, सोयाबीनच्या दुधाचं तळलेलं पनीर, त्याला म्हणतात तोफू, आणि वरून शेंगदाण्याचा झणझणीत रस्सा. "बोट लागली की मी धावत तिच्याकडे जायचो, ताई. बोटीवर मी वीस माणसांना जेवायला घालायचो आणि स्वतः तिच्याकडे जेवायचो. शेवटच्या खेपेला तिने मला रस्सा वाटायला बसवलं."

शेंगदाण्याचा रस्सा! मी पदर खोचला. इतक्या लांब, समुद्रापलीकडे, माझ्या बाजूचं कोणीतरी होतं तर.

पण अडचणी मी घेऊन आले होते. उपासाला लसूण चालत नाही, कांदा चालत नाही, हळद नाही, मोहरी नाही. आंतोनने कपाळाला हात लावला. "ताई, त्या रश्श्यात लसूण म्हणजे जीव आहे."

"मग जीव काढ," मी म्हणाले. "हिरवी मिरची घाल, जिरं घाल, आमसूल घाल, गूळ घाल."

मी सैंधवही मागितलं, तेव्हा मावशी पोट धरून हसल्या. "गे बाय, इथं भोवती सगळी मिठागरं, आनि तुला डोंगरातलं मीठ पायजे?" मी ते सोडून दिलं. सासूबाईंना हे एक सांगायचं राहिलंच.

भाज्यांवर मात्र एकमत झालं, कारण उपासाला चालणारं सगळं काकांच्या वाडीत उभं होतं. कच्ची केळी, रताळी, लाल भोपळा, काकडी. काका केळीच्या बुंध्याशी उभे राहून आमचं तोडणं बघत होते. "घड नको तोडू, फणी तोड," एवढंच म्हणाले.

आंतोनने रविवारी रात्रीच भिजत टाकलेले सोयाबीन फिलोने आणि मी पाट्यावर वाटले. हात भरून आले. ते पाण्यात कालवून, गाळून, उकळून पांढरंशुभ्र दूध निघालं. वास मात्र कच्च्या घेवड्याचा. आंतोनने त्यात लिंबू पिळलं. दूध नासलं, पण त्याचं पनीर होईना. फडक्यात बांधून दाबलं तर आंबट चोथ्याचा गोळा निघाला आणि सुरी लावताच भुगा झाला. तो मागे नेऊन कोंबड्यांना घातला. कोंबड्यांनी एकदा चोच मारली, मग पंजांनी त्यावर माती लोटली.

पास्कूकाका विहिरीवरून बघत होते. "कोंबडीनं एकदापन मागितलं नाय," ते म्हणाले.

आंतोन पायरीवर बसला. आता त्याच्या चेहऱ्यावर हसू नव्हतं. "म्हातारी लिंबू घालत नव्हती," तो म्हणाला. "तिच्याकडे बाटलीत काहीतरी पाणी असायचं. मीठ काढून घेतल्यावर मिठागरात जे उरतं ते. कडू असतं म्हणायची."

फिलो, मावशी आणि मी एकदम त्याच्याकडे बघितलं. मिठागरं सायकलवर अर्ध्या तासाच्या अंतरावर होती. अर्धा तास! आणि हा माणूस लिंबू पिळत बसला होता.

मंगळवार, मिठागर

मी फिलोच्या सायकलच्या कॅरियरवर. शाळेतल्या एखाद्या पोराने मला तसं पाहिलं असतं तर माझी नोकरी संपली असती. आंतोन पुढे, हँडलला काचेची रिकामी बरणी बांधून.

मिठागर मी कधी पाहिलं नव्हतं. चौकोनी वाफे, मधून मातीचे अरुंद बांध, आणि सगळीकडे इतका उजेड की डोळे मिटून चालावंसं वाटतं. काही वाफ्यांत नुसतं खाडीचं पाणी, काहींत वर सायीसारखं मीठ धरलेलं. बांधाच्या कडेने पांढऱ्या राशी. लाकडी फावड्याने मीठ ओढणारा एक मनुष्य आंतोनच्या ओळखीचा निघाला. त्याचं नाव काशिनाथ. उघडा, काळाभोर, पोटऱ्यांपर्यंत मिठाची पुटं.

"काशिनाथदादा, मीठ काढल्यावर जे पाणी उरतं ना, ते बरणीभर पाहिजे," आंतोन म्हणाला.

काशिनाथ फावडं टेकवून उभा राहिला. "ते कडू पानी? त्याचं काय करता?"

"दूध नासवायचंय."

"अरे, लोक दूध नासू नये म्हनून जपतात, आनि तुमी पानी नेऊन नासवता? घरात कोन आजारी हाय काय?"

त्याला सगळं सांगावं लागलं. खानावळ, काका, राखेचा बुधवार. अट ऐकल्यावर तो फावड्यावर रेलून खोखो हसला. "पास्कूशेठ दुसऱ्यांदा मागनार? मग मीपन येतो बघायला."

कोपऱ्यातल्या एका वाफ्यातलं मीठ काढून झालं होतं. तळाला पिवळसर, जड पाणी उरलं होतं, बोटांना तेलकट लागणारं. आंतोन बरणी भरत होता. मला कुठल्याही गोष्टीची चव घेतल्याशिवाय राहवत नाही. मी बोट बुडवून चाटलं. कारल्याला माफ करावं असं ते कडू होतं. नीट कळलं नाही म्हणून ओंजळ भरणार, तेवढ्यात काशिनाथ ओरडला, "बाय, पिऊ नको! पोट धू धू धुवून निघंल, रस्त्यात सायकलपन थांबवता येनार नाय!"

मी दचकून मागे सरले आणि बांध संपला होता. गुडघ्यापर्यंत चिखलात, कमरेपर्यंत खाऱ्या पाण्यात. फिलो मला ओढायला आली ती हसून हसून स्वतःच खाली बसली. शेवटी काशिनाथने फावड्याचा दांडा पुढे केला आणि मला मिठासारखं बाहेर ओढलं. वरून म्हणाला, "एवढं वजन एका वाफ्यातून पयल्यांदाच काढलं."

घरी येईपर्यंत साडी अंगावरच वाळली. सोडली तर ती जमिनीवर थोडा वेळ उभी राहिली. पण बरणी शाबूत होती.

संध्याकाळी पुन्हा वाटण, गाळण, उकळण. दूध खाली उतरवून आंतोनने कडू पाणी चमच्या-चमच्याने सोडलं आणि डाव हळूच फिरवला. आम्ही तिघी वाकून बघत होतो. आधी काहीच झालं नाही. मग दुधात ढग धरू लागले, खालचं पाणी निवळ झालं, आणि मावशींनी छातीवर क्रूस केला. आता ते गाळायला चांगलं पातळ फडकं हवं होतं. दोरीवर एक मोठा पांढरा रुमाल वाळत होता. आंतोनने तो ओढला, त्यात ढग बांधले, वर पाट उलटा ठेवला आणि पाटावर वरवंटा. तासाभराने सोडलं तर आत गुबगुबीत पांढरी वडी. सुरी फिरवली, भुगा झाला नाही. आंतोनने तिचा एक तुकडा मला दिला, एक आईला दिला आणि मग विहिरीमागे जाऊन एकटाच उभा राहिला. मी तिकडे गेले नाही.

बुधवार, राख

सकाळी सहाला घरात आरडाओरडा. "माझा मिस्साचा रुमाल कुठं हाय?"

तो कालचा रुमाल म्हणजे काकांचा देवळात जायचा खास रुमाल होता. आंतोनने तो धुऊन ठेवला होता, पण अजून ओला होता आणि त्याला घेवड्याचा वास येत होता. काकांनी तो नाकाशी नेला, मुलाकडे पाहिलं आणि घडी करून खांद्यावर टाकला. फिलो म्हणाली, की मिस्साला, म्हणजे देवळातल्या उपासनेला, त्यांच्या शेजारचे दोघे जण सारखे इकडेतिकडे हुंगत होते.

ते सगळे देवळात गेले, मी गावातल्या महादेवाच्या देवळात. परत आलो तर अंगणात समोरासमोर गाठ पडली. त्यांच्या कपाळावर राखेचा क्रूस, माझ्या कपाळावर भस्माचे तीन पट्टे. मावशी माझ्याकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "आज सगळ्यांची कपाळं सारखीच मळलेली." मला फार बरं वाटलं ते ऐकून. घरापासून इतक्या लांब शिवरात्र करताना जो एकटेपणा सकाळपासून टोचत होता, तो तिथेच गेला.

पण मग खरी अडचण उभी राहिली. सोयाबीन हे कडधान्य. उपासाला कडधान्य चालत नाही. दोन दिवस लसणीवरून आंतोनचा जीव खाणाऱ्या मला हे आत्ता, चुलीपाशी, सुचलं. मी तसं बोलून दाखवलं.

"तुम्ही रस्सा आणि केळी खा, ताई," आंतोन हळू आवाजात म्हणाला. "तोफू आम्ही खातो."

मावशींनी मात्र विचार केला. "दूध उपासाला चालतं?"

"चालतं."

"गवत चालतं?"

"गवत कोण खातं, मावशी?"

"गाय खाते. गवताचं दूध झालं की चालतं. मग ह्या दाण्याचं दूध झालं ते का नाय चालत?"

डी.एड.ला तर्कशास्त्र शिकवणारे आमचे सर इथे असते तर त्यांनी मावशींना नमस्कार केला असता. मी तो केला.

मग आम्ही कामाला लागलो. दाणे मी खापरात भाजले, दुसऱ्या कोणाला हात लावू दिला नाही. भाजलेले दाणे चोळून सुपात पाखडले, सालं वाडीत उडाली. पाट्यावर दाणे, हिरव्या मिरच्या आणि जिरं, तेल सुटेपर्यंत वाटलं. ते पातेल्यात घालून वर मावशींनी काढलेलं नारळाचं दूध. माझं तोंड वाकडं झालं, दाण्यात नारळ! पण उकळी आली आणि वास सुटला, तेव्हा मीच डाव हातात घेतला. आमसूल, गूळ, मीठ. तोफूचे तुकडे गोडेतेलात सोनेरी तळून रश्श्यात सोडले. केळी, रताळी, भोपळा उकडून, काकडी कच्चीच. आंतोनने आणखी सहा मिरच्या ठेचून टाकल्या.

"काकांना सोसेल का?" मी विचारलं.

"म्हातारीचं मत असं होतं की गिऱ्हाईक रडलं पाहिजे," तो म्हणाला.

दुपारी पंगत बसली. केळीच्या पानावर भात, माझ्या पानावर वरीचा भात. मधोमध पातेलं. आंतोन वाढत होता. काकांनी प्रार्थना म्हटली, एक घास घेतला, चावला. मग दुसरा. चेहरा कोराच. पाचव्या घासाला त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, सहाव्याला नाकातून. त्यांनी तोच घेवड्याच्या वासाचा रुमाल काढून तोंड पुसलं आणि जेवत राहिले.

आता माझ्याबद्दल. सकाळपासून मी उपाशी होते. पहिला तुकडा तोंडात गेला, बाहेरून कुरकुरीत, आत मऊ, त्यात रस्सा मुरलेला, दाण्याचा खमंगपणा आणि मागून येणारा तिखटाचा जाळ, आणि मला पंगतीचं भान राहिलं नाही. मावशी आग्रह करत होत्या, मी नको म्हणत नव्हते. दुसऱ्यांदा घेतलं. तिसऱ्यांदा घेतलं. चौथ्यांदा फिलोने मला कोपर मारलं. ते पुरे कर म्हणून होतं. मला वाटलं, सरकून बस म्हणते आहे. मी सरकले आणि पातेल्याच्या आणखी जवळ गेले.

काकांचं पान स्वच्छ झालं. ते हात धुवायला उठतील म्हणून आंतोनने तांब्या उचलला. त्याचा चेहरा मी विसरणार नाही. सात वर्षं ज्याने परक्या बंदरांत परक्यांसाठी रांधलं, तो आपल्या बापाच्या तोंडाकडे बघत उभा होता. मावशी जेवायच्या थांबल्या होत्या. काका अर्धे उठले. मग बसले. पानाकडे बघत, कोणाकडेही न बघता, ते म्हणाले, "वाढ रे थोडं."

मग मावशी "देवा" म्हणाल्या, आंतोन पातेल्याकडे धावला, डाव आत घातला आणि तो खणखणला. पातेलं रिकामं होतं.

सगळे माझ्याकडे बघू लागले. माझ्या पानावर शेवटचे दोन तुकडे होते आणि तिसरा बोटांत, तोंडाच्या वाटेवर.

"मागितलं तुम्ही!" आंतोन म्हणाला.

"मागितलं," काका म्हणाले, "पन मिळालं कुठं? पोटात गेलं नाय ते धरायचं कसं?" आणि त्यांच्या डोळ्यांत मिरचीचं पाणी होतं की हसू, मला सांगता येत नाही. अट काय होती यावर मावशी डाव उगारून बोलू लागल्या, फिलो मध्ये पडली. हे सगळं माझ्या पोटामुळे.

मी आयुष्यात फारसा त्याग केलेला नाही. पण त्या दुपारी मी बोटांतला तुकडा खाली ठेवला, पानाच्या कडेला अजून हात न लागलेले ते दोन तुकडे डावाने अलगद उचलले, पातेल्याला लागलेला रस्सा त्यांच्यासाठी निपटून घेतला आणि सगळं काकांच्या पानावर वाढलं. "घ्या काका," मी म्हणाले. माझा आवाज भरून आला होता. निम्मा आंतोनसाठी आणि निम्मा त्या तुकड्यांसाठी.

काकांनी ते दोन्ही खाल्ले. सावकाश. मग बोटं चाटली, जी राखेच्या बुधवारी त्या घरात कोणी चाटत नाही. "नारळानं चव आली," ते मला म्हणाले, आणि आंतोनकडे वळून, "खोलीतले घड उद्या मागच्या पडवीत हलव. जपून. पिकायला लागलेत."

आंतोन तिथेच, तांब्या हातात धरून, रडला. मावशी तर केव्हाच्या रडत होत्या. मीही रडले, आणि मिरची लागली असं सांगितलं.

गुरुवार

सकाळी आंतोन तार करायला गेला, येत नाही म्हणून. त्याच्याबरोबर काका स्वतः पोस्टापर्यंत गेले. मुलगा वाटेत मन बदलेल अशी भीती त्यांना वाटत असावी, पण सांगताना म्हणाले, "मला तिकडं काम होतं." परत आल्यावर आम्ही सगळ्यांनी मिळून केळीचे घड हलवले. खोली रिकामी झाली तेव्हा भिंतींना पिकलेल्या केळ्यांचा गोड वास चिकटून राहिला होता. आंतोन म्हणाला, तो तसाच राहू दे.

टांगा आला. मावशींनी सुकेळ्यांचं, म्हणजे वाळवलेल्या केळ्यांचं, पुडकं माझ्या पिशवीत कोंबलं, फिलोने गळ्यात पडून घेतलं, आंतोनने पाया पडायचा प्रयत्न केला आणि मी त्याला फटका मारला. उरलेले दाणे मी खानावळीसाठी त्याच्याकडे ठेवले. संपले की पत्र टाक, म्हणून बजावलं.

पास्कूकाका टांग्याच्या चाकाशी येऊन उभे राहिले.

"खानावळ सुरू झाली की ये, मास्तरीणबाय," ते म्हणाले.

"नक्की येईन, काका."

"ये. पन घरून जेवून ये."